बेगड, वर्ख आणि आमच्या हॉलची भिंत

आमच्या हॉलची टीव्हीमागची भिंत सोनेरी आहे. क्रीम नाही, मस्टर्ड नाही, 'वॉर्म बेज' नाही. सोनेरी. दहा फूट रुंद, नऊ फूट उंच. गेल्या वर्षी बाबा अंबरनाथच्या एमआयडीसीतल्या कारखान्यातून रिटायर झाले, हातात थोडे पैसे आले आणि त्यांनी घराला रंग काढायचं ठरवलं. तीन भिंतींचा निर्णय माझ्यावर सोपवला. चौथीबद्दल चर्चा नव्हती.

मी ऑफिसच्या व्हिडिओ कॉलला बॅकग्राउंड ब्लर करून बसतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं सगळं कोण लिहितोय ते तुमच्या लक्षात राहील. टीममधल्या एकीच्या मागे पांढरी भिंत आणि मॉन्स्टेराची कुंडी असते, दुसऱ्याच्या मागे उघड्या विटा. माझ्या मागे ब्लर केल्यावरही काहीतरी पिवळं चमकत राहतं. एकदा एकाने विचारलं, "मंगल कार्यालयात आहेस का रे?" सगळे हसले. मीही हसलो, आणि दुसऱ्या दिवसापासून बेडरूममध्ये कपाटाकडे पाठ करून बसायला लागलो.

सिनेमाचं, पुस्तकाचं परीक्षण करतात तसं या भिंतीचं करून बघायचं माझ्या डोक्यात तेव्हापासून आहे. भिंत वाईट आहे हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. का वाईट आहे, हे विचारल्यावर मात्र माझ्याकडे 'कसंतरीच वाटतं' याच्यापलीकडे उत्तर नव्हतं. आणि 'कसंतरीच वाटतं' हे बहुतेक वेळा आपलं मत नसतं. ते दुसऱ्या कुणाचं तरी असतं, आपण फक्त फॉरवर्ड करतो.

सोनेरी रंगाची चेष्टा करायला अभ्यास लागत नाही. २०२५मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांनी व्हाइट हाउसमधलं आपलं ऑफिस सोनेरी नक्षीने मढवलं, तेव्हा माझ्या टाइमलाइनवर दोन दिवस दुसरं काही नव्हतं. मीही तीन मीम्स लाइक केली. चौथं लाइक करताना मान वर केली, तर समोर आमची भिंत. वरळीत त्यांच्या नावाचा टॉवर आहे, सोनेरी काचांचा. त्याच्या खालून जाताना लोक मान वर करून बघतात आणि 'टॅकी' म्हणतात, पण तिथल्या फ्लॅटचा भाव ऐकल्यावर आवाज जरा खाली येतो. उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात सोनेरी पाय असलेला, पाठीवर वेलबुट्टी कोरलेला सोफा बघून जे हसू येतं, ते मात्र खाली येत नाही. तिथे मोकळेपणाने हसता येतं.

उल्हासनगरचं म्हणजे डुप्लिकेट, हा हिशोब जुना आहे. 'मेड इन यूएसए'चा जोक तुम्ही ऐकला असेल. यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन. इंजिनिअरिंगला असताना माझ्या नव्या बॅगेची चेन तुटली तेव्हा वर्गातला एक जण म्हणाला, "उल्हासनगरचा माल, दुसरं काय!" बॅग दादरहून घेतली होती. तेव्हापासून कुणी कुठे राहतोस विचारलं की मी 'कल्याणजवळ' म्हणायचो. कॅम्प नंबर ३ म्हटलं की पुढचे प्रश्न येतात. कॅम्प म्हणजे? मिलिटरीचा? तुम्ही सिंधी का? नाही, आम्ही सिंधी नाही. आजोबा शहाडच्या रेयॉन कंपनीत लागले आणि इकडेच राहिले.

आता गंमत बघा. २०१३मध्ये ॲपलने आयफोन ५एस सोनेरी रंगात आणला. २०१५मध्ये 'रोझ गोल्ड' आला. माझ्या वर्गातल्या ज्यांना परवडला त्यांनी तो घेतला आणि कुणीही त्यांना मंगल कार्यालय आठवलं का म्हणून विचारलं नाही. वांद्र्याच्या कॅफेत बेसिनच्या वर पितळी नळ असतो, त्याला 'ब्रश्ड ब्रास' म्हणतात. लॅपटॉप 'शॅम्पेन' असतो. पैसेवाल्याच्या घरात शिरताना सोनेरी रंग दारातच नाव बदलून घेतो. आमच्या बाबांनी नाव बदललं नाही. दुकानात जाऊन ते "सोनेरी दाखवा" म्हणाले, बस्स.

सोनेरीविरुद्ध सगळ्यात कडक भाषण बहुतेक व्हिएन्नात झालं असावं. १९१० साली ॲडॉल्फ लूस नावाच्या वास्तुविशारदाने 'अलंकार आणि गुन्हा' या विषयावर व्याख्यान दिलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की नक्षीकाम म्हणजे कारागिराच्या श्रमाची आणि मालाची उधळपट्टी आणि शहाण्या माणसाने त्यातून बाहेर पडावं. आजच्या सगळ्या पांढऱ्या-करड्या इंटिरिअरचा तो एक पणजोबा. त्याच शहरात, त्याच्या दोनच वर्षं आधी, गुस्ताव्ह क्लिम्टने सोन्याचा वर्ख लावून 'द किस' हे चित्र पुरं केलं होतं. क्लिम्टचे वडील सोन्यावर नक्षी कोरणारे कारागीर होते. म्हणजे एकीकडे नक्षीला गुन्हा म्हणणारा आणि दुसरीकडे नक्षीकाराचा मुलगा. मी लूसच्या बाजूला असायचो. मग कळलं की लूस नक्षी लावत नसला तरी संगमरवर लावायचा, तोही निवडक, शिरांचा मेळ साधून बसवलेला. साधेपणा त्याच्याकडेही स्वस्त नव्हता. साधी भिंत चांगली दिसायला ती आधी सरळ असावी लागते, कोपरे काटकोनात असावे लागतात, वायर भिंतीच्या आत असावी लागते. आमच्या हॉलमध्ये पंख्याची वायर केसिंगपट्टीतून जाते आणि एक कोपरा चांगला दीड इंच बाहेर आहे. अशा भिंतीला पांढरा रंग दिला तर ती मिनिमल दिसत नाही, अर्धवट दिसते.

तर मग सोनेरी म्हणजे नक्की काय, इथपासून सुरुवात केली. माझ्या धंद्यात रंग म्हणजे तीन आकडे. वेबपेजच्या भाषेत 'गोल्ड' नावाचा एक रंग खरोखर आहे: लाल २५५, हिरवा २१५, निळा ०. स्क्रीनवर टाकून बघा. पिवळा दिसतो. ऊन लागलेल्या टॅक्सीच्या टपासारखा पिवळा. सोनं कुठेच नाही. स्क्रीनवर सोनं दाखवायचं तर डिझायनरला एका बटणात पाच रंग भरावे लागतात: काळपट तपकिरी, पिवळा, जवळजवळ पांढरा, पुन्हा पिवळा, पुन्हा तपकिरी. मग कुठे डोळा फसतो. कारण सोनेरीपणा एका ठिपक्यात मावत नाही. शेजारच्या ठिपक्यापेक्षा हा उजळ, तो काळा, आणि आपण मान हलवली की उजेड सरकला, एवढं सगळं झालं की मेंदू 'सोनं' म्हणतो. खरं सोनं निळा प्रकाश गिळतं आणि बाकीचा आरशासारखा परत फेकतं. यातला पिवळेपणा डब्यात भरता येतो. आरसा भरणं अवघड.

डब्यात मग काय असतं? पूर्वी पावडर असायची, आणि हार्डवेअरच्या दुकानात अजूनही मिळते. ती पितळेची. तांबं जास्त असलं की लालसर, जस्त जास्त असलं की फिकट. वार्निशमध्ये कालवून फोटोच्या फ्रेमला, गेटच्या भाल्यांना लावायची. दोन पावसाळ्यांत काळवंडते, कारण पितळच ते. आता भिंतीच्या मेटॅलिक रंगात बहुतेक अभ्रक असतं, अतिशय बारीक पापुद्रे, त्यांच्यावर टायटॅनियम डायऑक्साइड आणि लोहाच्या ऑक्साइडचा पातळ थर. हे काळं पडत नाही. फर्निचरला लावतात त्या सोनेरी 'लीफ'मध्येही बहुतेक वेळा तांबं आणि जस्तच. आणि हल्ली लॅमिनेटच्या मधून सोनेरी टी-पट्टी जाते, ती स्टीलची. शेजाऱ्यांकडे ती नवी बसवली तेव्हा बाबा बघायला गेले आणि बोट फिरवून म्हणाले, "ही तर आमच्या ड्रिलबिटवरची कोटिंग." बरोबर होतं. टायटॅनियम नायट्राइड, कापायच्या हत्यारांना धार टिकावी म्हणून देतात, त्याचा रंग योगायोगाने सोनेरी. तीस वर्षं त्यांनी ती कोटिंग हातात धरलेली. त्या दिवशी पहिल्यांदा ती शोभेची म्हणून बघितली.

खऱ्या सोन्याचाही हिशोब करून बघितला. इंजिनिअर आहे, राहवलं नाही. सोन्याचा वर्ख साधारण एक दशांश मायक्रॉन जाड असतो. आमची भिंत नव्वद चौरस फूट, म्हणजे ८.३६ चौरस मीटर. सोन्याची घनता १९.३. गुणाकार केला तर सोळा ग्रॅम येतात. सोळाच! दीड तोळ्याहून किंचित जास्त. मी हे जेवताना मोठ्या कौतुकाने सांगितलं. आई भात वाढत होती. ती म्हणाली, "मग माझ्या पाटल्यांत अडीच भिंती निघाल्या असत्या."

चार तोळ्यांच्या पाटल्या होत्या. १९९४ साली हा फ्लॅट घेताना विकल्या. मला हे माहीत होतं, पण भिंतीच्या हिशोबात ते कधी धरलं नव्हतं. बाबा काही बोलले नाहीत. आमटी मागितली.

इथे मला रडवेलं व्हायचं नाही. पाटल्या गेल्या म्हणून भिंत सुंदर होत नाही. कलाकृतीमागची कहाणी कितीही खरी असली तरी कलाकृती आपल्या पायावर उभी राहावी लागते, हे मी दर आठवड्याला कुठल्या ना कुठल्या सिनेमाबद्दल लिहीत असतो, तर घरच्या भिंतीला सूट कशाला?

पण एक आरोप मला मागे घ्यावा लागला. 'खोटं आहे' हा. मराठीत आपण ढोंगी गोष्टीला बेगडी म्हणतो. बेगडी प्रेम, बेगडी देशभक्ती. पण मूळ बेगड म्हणजे काय, तर मखराला, ताबूताला, बाहुल्यांच्या कपड्यांना चिकटवायचा चकचकीत पातळ पत्रा. तो बघून कुणाला कधी ते सोनं वाटलं? लावणाऱ्याला नाही, बघणाऱ्याला नाही. दिव्यात चमकावं आणि उत्सव संपला की उतरवावं, एवढंच त्याचं काम. ते काम तो चोख करायचा आणि आपण त्याच्या नावाची शिवी करून ठेवली. दसऱ्याला आपण आपट्याचं पान हातात देऊन 'सोनं घ्या' म्हणतो, तेव्हा कुणी कसोटीचा दगड काढत नाही. म्हणजे सोन्याच्या जागी दुसरं काहीतरी ठेवणं ही आपल्याकडे फसवणूक नव्हतीच. प्रश्न विचारायचा तर असा विचारायला हवा: बेगड उजेड धरतो की नाही?

आणि इथे आमची भिंत नापास होते. साफ नापास.

पैठणी आठवा. सोनेरी जर कुठे असते? काठाला आणि पदराला. मधलं अंग जांभळं, हिरवं, मोरपिशी. अंगाच्या त्या गडद रंगामुळे काठ पेटतो. पेणच्या गणपतीला रंग देतात तेव्हा सोनेरी शेवटी येतो, मुकुटाला, दागिन्यांना, सोवळ्याच्या काठाला. तंजावरच्या मराठा राजांच्या काळात जी चित्रशैली बहरली तिच्यात खरा वर्ख लावतात, पण तोही चुन्याच्या लगद्याने उठाव दिलेल्या दागिन्यांवर, महिरपीवर. चेहऱ्याला नाही. या सगळ्यांत एक व्याकरण आहे: सोनं कडेला बसतं आणि शेजारच्या रंगाला उजळवतं. आमच्या बाबांनी काठच नेसायला दिला. नव्वद चौरस फुटांचा काठ, आणि अंगाला रंगच नाही. तुम्ही म्हणाल, शालू असतो की सगळा जरीचा. असतो. पण शालू नवरी एक दिवस नेसते. आमची भिंत रोज सकाळी सात वाजता, दूधवाला बेल वाजवतो तेव्हाही, शालू नेसून उभी असते.

दुसरी चूक उजेडाची, आणि ही मला जास्त महत्त्वाची वाटते.

जपानी लेखक जुनइचिरो तानिझाकी यांचा १९३३चा एक निबंध आहे, 'सावल्यांची स्तुती' असं त्याचं नाव मराठीत सांगता येईल. सुरुवातीलाच ते घर बांधताना विजेच्या वायरी कुठे लपवायच्या या कटकटीबद्दल लिहितात, त्यामुळे केसिंगपट्टीवाल्या माझ्यासारख्याला ते लगेच जवळचे वाटले. पुढे ते सोन्यावर येतात. सोन्याचा मुलामा दिलेल्या लाखेच्या वस्तू भर उजेडात भडक दिसतात, पण त्या भर उजेडासाठी केलेल्याच नव्हत्या. जुन्या घराच्या आतल्या अंधाऱ्या खोलीत, बागेतून शिरलेला शेवटचा उजेड पकडण्यासाठी सोनं होतं. ते तिथे दिव्याचं काम करायचं. श्रीमंती दाखवणं नंतरचं.

हे वाचलं आणि आमच्या हॉलच्या छताकडे बघितलं. दोन एलईडी ट्यूब, ६५०० केल्विनच्या, दवाखान्यासारख्या पांढऱ्याफट. त्या उजेडात निळा भरपूर. सोनेरी रंगाला निळ्याचं काही करता येत नाही. शिवाय उजेड समोरून आणि वरून, सगळीकडे सारखा. मघाशी म्हटलं तसं, सोनेरीला उजेड-सावलीचा उतार लागतो. तो काढून घेतला की उरतो तो नुसता पिवळा. म्हणजे आम्ही भिंतीला दिलेला रंग रोज संध्याकाळी सातला बटण दाबून पुसत होतो.

मी एक ३००० केल्विनचा बल्ब आणला, टेबललॅम्पमध्ये लावला आणि तो लॅम्प भिंतीच्या डाव्या कोपऱ्यात जमिनीवर ठेवला. ट्यूब बंद केल्या. खरं सांगतो, एवढा फरक पडेल असं मला वाटलं नव्हतं. उजेड भिंतीला घासून वर गेला. खाली मधासारखं, वर जाता जाता तांबूस, छताजवळ जवळजवळ काळं. ब्रशचे फटकारे दिसायला लागले. भिंतीला खोली आली. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि दारातच थांबली. बाबा म्हणाले, "छान. पण आता पेपर कसा वाचू?"

हा प्रश्न तानिझाकींना कुणी विचारला होता का कोण जाणे. सावलीचं सौंदर्य ज्याला संध्याकाळी भाजी निवडायची नसते त्याला लवकर कळतं. आमच्या घरात हॉल म्हणजे अभ्यासिका, जेवणघर, इस्त्रीची जागा आणि पाहुण्यांची झोपायची खोली. त्याला दवाखान्याचा उजेड लागतो. मग सोनेरी भिंत तिथे शोभणारच नाही, हा माझा निष्कर्ष. रंग वाईट नव्हता, खोली त्याला परवडणारी नव्हती.

तिसरी गोष्ट पेंटरचाचांनी आधीच सांगितली होती. ते उत्तर प्रदेशचे, कॅम्प ३मध्येच वीस वर्षं काम करतात. पुट्टीचे दोन हात झाले, पॉलिश पेपर मारून झाला, मग त्यांनी पेटता बल्ब भिंतीला अगदी चिकटून कडेने फिरवला आणि मला बोलावलं. सरळ वाटणारी भिंत समुद्रासारखी दिसत होती. लाटाच लाटा. "साहब, ये रंग दीवार का सारा ऐब दिखा देता है," ते म्हणाले. "सादा रंग छुपाता है, ये बोलता है." मी बाबांकडे बघितलं. हीच वेळ होती. मी म्हटलं, ग्रे करूया बाबा. फिकट ग्रे, मॅट. काही दिसणार नाही.

बाबा म्हणाले, "सिमेंटचा रंग घराला कशाला? सिमेंट आहेच की आत."

तेच तर, मी म्हटलं. आत सिमेंट आहे का, हाच प्रश्न आहे.

हे भांडण आतापर्यंत टाळत होतो, लिहिण्यातही. आमची इमारत नव्वदीच्या दशकातली, चार मजली, लिफ्ट नाही. इथल्या अनधिकृत बांधकामांचा गुंता एवढा होता की ती नियमित करण्यासाठी राज्याने २००६ साली या एका शहरापुरता वेगळा कायदा केला. त्या काळातल्या इमारती कशा बांधल्या गेल्या ते इथे सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी मोठ्याने बोलत नाही. २०२१च्या मे महिन्यात एकाच महिन्यात शहरात दोन इमारतींचे स्लॅब कोसळले, माणसं गेली. तेव्हापासून आम्ही झोपताना छताकडे बघतो. रंगाच्या दोन महिने आधी आमच्या जिन्यातही स्ट्रक्चरल ऑडिटची नोटीस लागली होती. म्हणजे उद्या रिपोर्ट खराब आला तर इमारत रिकामी करायची. आणि अशा घराच्या एका भिंतीवर बाबा ११ हजार रुपये घालत होते.

मी म्हटलं, हे पैसे कॉलमच्या दुरुस्तीला ठेवा. ते म्हणाले, अकरा हजारांत कॉलम होत नाही. खरं होतं. मी म्हटलं, मग बँकेत ठेवा, भाड्याने जावं लागलं तर डिपॉझिटला. ते म्हणाले, "एकतीस वर्षं आपण असंच म्हणतोय. पुढच्या वर्षी बघू. बिल्डिंगचं काहीतरी होऊ दे, मग बघू. राहतोय तोवर घरासारखं दिसू दे की." मी म्हटलं, सोनेरी रंगाने घर होत नाही, लोक हसतात. तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "तू लॉकडाउनमध्ये मागे पुस्तकांचं खोटं कपाट लावून मीटिंगला बसायचास. मी भिंतीला रंग लावतोय. निदान माझी भिंत तरी खरी आहे."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही.

या शहराचा जन्मच तात्पुरता आहे. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांच्या वाटेतल्या मुक्कामासाठी कल्याणजवळ ही छावणी उभारली. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना, लाखाच्या घरात माणसं, या बराकींमध्ये आणून ठेवलं. ८ ऑगस्ट १९४९ला गव्हर्नर जनरल सी. राजगोपालाचारींच्या हस्ते शिलान्यास झाला आणि उल्हास नदीवरून उल्हासनगर नाव पडलं. नाव बदललं तरी पत्ता तसाच राहिला: कॅम्प, सेक्शन, बराक नंबर. आजही कुरिअरवाला बराक नंबर विचारतो, जिथे चार मजली इमारत उभी आहे तिथेसुद्धा. माझ्या लहानपणीच्या मित्राचं घर खऱ्या बराकीत होतं. बाहेरून बसकं, भिंतींना ओल. दार उघडलं की आत आरसे, झुंबर आणि झूलेलालच्या फोटोभोवती सोनेरी चौकट. आम्ही मराठी पोरं बाहेर आल्यावर त्याची नक्कल करायचो. त्याची आजी सिंधमधून दोन भांडी घेऊन आली होती हे आम्हाला माहीत होतं, पण त्याचा झुंबराशी काही संबंध असेल असं डोक्यातही आलं नाही. आता वाटतं, ती चौकट आमच्या भिंतीपेक्षा कितीतरी चांगली होती. काठाला सोनं, मध्ये अंधार, आणि समोर समईचा उजेड. तिथे सगळं व्याकरण बरोबर होतं. आम्हाला वाचता येत नव्हतं.

परीक्षण म्हणून सांगायचं तर माझं मत बदललेलं नाही. भिंत जास्त आहे. तिसरा हिस्सा पुरला असता, देव्हाऱ्याच्या कोनाड्यात तर दोन हात रंग पुरला असता, आणि बाकी खोली गडद हिरवी केली असती तर मी इथे वेगळा लेख लिहिला असता. फक्त पूर्वी मी भिंत बघून आमच्याबद्दल मत द्यायचो, आता भिंतीबद्दल देतो.

ऑडिटवाले मागच्या महिन्यात आले. तरुण मुलगा होता, माझ्याच वयाचा, हातात रिबाउंड हॅमर. दांडा काँक्रीटवर दाबला की आतून ठोका बसतो आणि तो किती उसळतो यावरून काँक्रीटची ताकद बघतात. पण त्यासाठी काँक्रीट उघडं पाहिजे, वरचा रंग आणि प्लास्टर काढावं लागतं. हॉलमधला कॉलम नेमका सोनेरी भिंतीच्या डाव्या टोकाला. त्याने विचारलं, "काका, इथे खरवडू का?" बाबा म्हणाले, "सोफ्यामागे होणार नाही का?" तो म्हणाला, "सोफ्यामागे कॉलम नाही." मग बाबांनी स्वतः पट्टी आणली, पेन्सिलने सरळ चौकोन आखून दिला आणि म्हणाले, "ह्याच्या बाहेर जाऊ नकोस."

चौकोन वीतभर आहे. आतून काँक्रीट दिसतं, त्यावर मार्करने 'सी ७' लिहिलंय. चाचांना फोन केला होता. ते म्हणाले, एवढ्याला रंग लावून उपयोग नाही, मेटॅलिकमध्ये जोड लपत नाही, करायची तर अख्खी भिंत पुन्हा. आईने तिथे कालनिर्णय लावायचं म्हटलं. बाबा म्हणाले, रिपोर्ट येईपर्यंत राहू दे, ते पुन्हा बघायला आले तर सापडायला हवं.

तो लॅम्प अजून त्याच कोपऱ्यात आहे. पेपर वाचून झाला की बाबा ट्यूब बंद करतात आणि तो लावतात. कॉलम अगदी लॅम्पच्या वर येतो, त्यामुळे उजेड आधी त्या चौकोनावर पडतो आणि मग वर जातो.